शिकलगाराची सतार, मिस्त्रीची गिटार

गेल्या वर्षी भाच्यानं घरात इलेक्ट्रिक गिटार बनवली. सुटे भाग आणून जोडली असं नाही. लाकडाच्या फळीवर पेन्सिलनं रेघ मारण्यापासून त्यानं सुरुवात केली. आकारही असा की पाहणारा दचकावा. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी दोन पाती आणि त्यांच्या जोडातून निघालेली लांब मान. फळी कापून झाली तेव्हा शेजारच्या चाची डोकावून म्हणाल्या, "ये क्या, इत्ता बड़ा गुलेल?"

घरात मात्र हसण्यासारखं वातावरण नव्हतं. दुल्हेभाई मिस्त्री आहेत. चंद्रपूरच्या जुन्या वस्तीत, पठाणपुरा दरवाज्याच्या आतल्या बाजूला, तीस वर्षं त्यांनी दारं, चौकटी आणि दिवाण बनवले. मुलाला पॉलिटेक्निकला घातलं ते एवढ्याचसाठी, की त्याच्या हातातून रंधा सुटावा. आता तोच मुलगा बापाचा रंधा आणि पटाशी घेऊन रात्री अकरापर्यंत अंगणात बसलेला. तेही बाजा बनवायला! आपाला दुसरीच काळजी होती. मोहल्ल्यात लोक काय म्हणतील, नमाजी घरात हे काय चाललंय. दोघांनी मिळून मला बोलावलं. मामू शिकलेला, मामू समजावेल.

मी समजवायला गेलो आणि फळी धरून बसलो. तिथं जे बोलणं झालं, त्यातून हा लेख निघाला.

दुल्हेभाईंना मी मिरजेची गोष्ट सांगितली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारा. शब्द अरबी 'सैकल'वरून आलेला, म्हणजे घासून चमकवणं. मिरजेत या कामाची मुसलमान घराणी होती. इंग्रजांचं राज्य स्थिरावलं तशी तलवारी-भाल्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा १८५०च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी हात तंतुवाद्यांकडे वळवला. संस्थान पटवर्धनांचं, गाण्याबजावण्याची कदर करणारं. लोखंडावर चालणारा हात भोपळ्यावर आणि तुणीच्या लाकडावर चालू लागला. पुढं त्यांच्या वारसांचं आडनावच 'सतारमेकर' झालं आणि गल्लीला तेच नाव मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथं येतात, वाळतात, कापले जातात आणि तंबोरे होऊन देशभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

त्याच मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ साली ते गेले, तेव्हापासून उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं. संगीत जायज की नाजायज हा वाद आपल्याकडे हजार वर्षांचा आहे. इमाम गझालींनी त्यावर 'इह्या'मध्ये अख्खं प्रकरण लिहिलंय. मी आपाला फतवा देणारा कोण? तिला एवढंच म्हटलं, की दर्ग्याच्या आवारात ज्याची कबर आहे तो गवई होता आणि त्याच शहरात तंबोरे बनवणारे लोकही पाच वक्ताचे नमाजी आहेत. आपा काही बोलली नाही. चहा मात्र ठेवला.

दुल्हेभाईंना कबरीत रस नव्हता. त्यांनी विचारलं, "लकड़ी कौनसी लगाते?"

खरा प्रश्न तोच होता. अरबीत 'ऊद' या वाद्याच्या नावाचा अर्थच लाकूड. अल-ऊद. हेच वाद्य अंदलुसमार्गे युरोपात गेलं आणि तिथं त्याचं 'ल्यूट' झालं. इसवी सन ८२२च्या सुमारास बगदादहून कुर्तुब्याला पोचलेल्या झिर्याबनं त्याला पाचवी तार चढवली असं सांगतात. गिटार त्याच गोतावळ्यातली. जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो. सतार अमीर खुसरोंनी शोधली असं आपण सर्रास सांगतो, पण त्यांच्या लिखाणात सतारीचा पत्ता नाही. अभ्यासक तिचा संबंध अठराव्या शतकातल्या दिल्लीच्या खुसरो खानशी जोडतात. नावाच्या सारखेपणामुळं श्रेय मोठ्या माणसाकडं गेलं.

विजेची गिटार ही मात्र विसाव्या शतकाची गोष्ट. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं. स्टीलची तार चुंबकापुढं थरथरली की वेटोळ्यात वीज तयार होते. फॅरडेचा १८३१चाच नियम. मग आवाजासाठी पोकळ पेटी लागेना, भरीव लाकूड चाललं. १९४०च्या सुमारास लेस पॉलनं तर चार इंच जाड पाइनच्या सरळ ठोकळ्यावर तारा चढवल्या. आणि पेटी लागत नसेल तर आकार कसाही ठेवता येतो. १९५८ साली गिब्सन कंपनीनं व्ही आकाराची 'फ्लाइंग व्ही' काढली, आफ्रिकेतल्या लिंबा नावाच्या लाकडाची. रॉकेटचा जमाना होता, कंपनीला वाटलं तरुण उड्या मारतील. पहिल्या दोन वर्षांत शंभरसुद्धा गेल्या नाहीत, उत्पादन थांबलं. पुढं अल्बर्ट किंग आणि जिमी हेंड्रिक्स यांच्या हातात ती दिसली, आणि मग जोरकस रॉक वाजवणाऱ्यांची ती खूणच झाली. भाच्याला ती तिथून आवडलेली. मला त्यातलं फारसं कळत नाही, कानाला त्रास होतो हे कबूल करतो.

घरी गिटार बनवणं हे वेडेपण नाही, हे पटवायला मी ब्रायन मेचं उदाहरण दिलं. लंडनजवळचा हा मुलगा. १९६३ साली त्यानं वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. मान केली जुन्या फायरप्लेसच्या महोगनीची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, खुणांचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे. दोन वर्षं लागली. 'क्वीन' बँडमध्ये तो तीच वाजवत राहिला आणि शेजारी गात होता फारुख बलसारा ऊर्फ फ्रेडी मर्क्युरी, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला पारशी. दुल्हेभाईंनी सगळं ऐकून एकच शब्द धरला, "बाप के साथ बनाया?"

आता लाकूड. चांदा-गडचिरोली म्हणजे सागाचं माहेर. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान गेलं ते इथलंच, बल्लारशाहच्या डेपोतून. पण जंगलाजवळ राहणाऱ्याला लाकूड सहज मिळतं हा बाहेरच्यांचा समज. १९२७चा वन कायदा आहे, वाहतूक परवाना आहे, नाक्यावर तपासणी आहे. बांबूसारख्या गवताच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा हक्क मेंढा-लेखा गावाला मिळाला तो २०११ साली. त्यामुळं भाच्यासाठी आम्ही वडशाच्या आरामशिनवरून पक्क्या बिलासह शिवणीची फळी आणली. साग का नाही? साग जड, तेलकट, त्याच्यात वाळूसारखा अंश असतो, पटाशीची धार जाते आणि गोंद नीट धरत नाही. शिवण हलकी, वाळल्यावर वाकत नाही. वाद्यांसाठी ती पूर्वीपासून वापरात आहे. मानेला मात्र साग हवाच होता. सहा तारांचा ताण चाळीस किलोंच्या आसपास जातो. त्यासाठी दुल्हेभाईंनी एका पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचा तुकडा न बोलता अंगणात आणून टाकला. जोडाआधी थिनरनं पुसून तेल काढायचं हेही त्यांनीच सांगितलं.

सुरांची पट्टी जुन्या शिसमची, मोडक्या कपाटाची. या शिसमचीही कथा आहे. जगभरच्या गिटारींवर आपलं शिसम असतं. २०१७ साली आंतरराष्ट्रीय करारानं त्याच्या व्यापारावर बंधनं आली आणि २०१९मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

पहिली पट्टी वाया गेली. पडद्यांची जागा काढायला भाच्यानं कुठूनतरी १८चा नियम उचलला. तारेची लांबी १८नं भागायची, तेवढ्या अंतरावर पहिला पडदा, उरलेली पुन्हा १८नं भागायची, असं करत जायचं. नियम जुना आहे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली ल्यूटसाठी तो मांडला होता. त्या काळी ल्यूटचे पडदे तातीचे, बांधलेले. थोडं चुकलं तर सरकवता येत. आपल्या सतारीचेही पडदे दोऱ्यानं बांधलेले, रागाप्रमाणं सरकतात. गिटारीच्या खाचेत एकदा पडदा ठोकला की ठोकला. भाच्याची तार ६२८ मिलिमीटर. बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३१४वर यायला हवा, तो आला ३१६च्या पुढं. मिस्त्रीच्या कामात दोन मिलिमीटर काय असतात? दार बसतं. इथं सूर बसत नाही. खरा भाजक १७.८१७ आहे. दुसऱ्या पट्टीच्या वेळी गुण्या आणि मोजपट्टी दुल्हेभाईंच्या हातात होती. चष्मा लावून ते प्रत्येक खाच स्वतः कापत होते आणि मुलगा कॅल्क्युलेटरवर आकडे वाचत होता.

वेटोळं गुंडाळलं आपाच्या शिलाई मशीनवर, बॉबिन भरायच्या चाकावर. केसापेक्षा बारीक तार, प्रत्येकी सुमारे पाच हजार वेढे, तीनदा तुटली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा आपानं पोराला उठवलं आणि स्वतः बसली. तिचा हात जास्त हलका. वेटोळी दोन लागतात, उलट सुलट जोडलेली. एकच असलं तर आसपासच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर तारांबरोबर स्पीकरमधून येते. दोन उलटी वेटोळी ती एकमेकांत जिरवतात. ही युक्ती १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हरची. महाऔष्णिक केंद्राच्या गावात विजेची घरघर दाबायला एवढा खटाटोप, यावर आम्ही पुष्कळ हसलो.

व्ही आकाराची एक खोड आहे, ती मांडीवर बसत नाही, घसरते. गिब्सननं पहिल्या गिटारींच्या कडेला रबराची पट्टी लावली होती. आम्ही सायकलची ट्यूब कापून चिकटवली.

हे सगळं चाललं असताना माझ्याच लिखाणाची मला लाज वाटत होती. मुसलमानांचा इतिहास म्हणून आपण लिहितो काय? बादशहा, सूफी, उस्ताद. अब्दुल करीम खाँवर मीही पानं खर्ची घातलीत. त्यांच्या मागं जो तंबोरा वाजत होता त्याची जवारी कुणी लावली, हा प्रश्न मला कधी पडला नाही. फरीदसाहेबांचं नाव टिकलं ते गल्लीमुळं आणि दुकानाच्या पाट्यांमुळं, ग्रंथांमुळं नव्हे. शिकलगार, मिस्त्री, रंगारी, पिंजारी यांना इतिहास नाही असं नाही, तो लिहिणाऱ्यांना ते हात दिसत नाहीत. कारागिराला स्वतःच्या कामाची लाज वाटायला लागते ती इथूनच. दुल्हेभाईंनी तीस वर्षांत बनवलेल्या एकाही चौकटीवर त्यांचं नाव नाही.

गिटार पूर्ण झाली त्या रात्री अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. पहिला सूर निघाला तेव्हा आपानं आधी खिडकी लावून घेतली. दुल्हेभाईंनी मानेवर नख मारून पाहिलं, तारा आणि पट्टी यांच्यातली फट डोळ्यानं मोजली. जुलैची ओल लाकडात शिरली की मान थोडी उठणार, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि ती उठलीही. पुढच्या रविवारी मी गेलो तर तारा उतरवलेल्या, गिटार दिवाणावर पालथी आणि दुल्हेभाई कानस घेऊन बसलेले. भाचा कॉलेजात होता.

"बाकी की शिवन किधर रखी इसने?" त्यांनी विचारलं.