गवतावरचा आळ

गाई-बैलाच्या जबड्यावर कधी दगडासारखी टणक गाठ येते. ती हळूहळू वाढते, फुटते, पू वाहतो, जनावराचं खाणं सुटतं. आपण ऐकतो तो ‘लम्पी’ आजार वेगळा. तो विषाणूचा, कातडीवर अंगभर गाठी आणणारा. हा मात्र जबड्याचं हाडच पोखरतो. याचं कारण कसं सापडलं, त्याची ही गोष्ट.

दीडशे वर्षांपूर्वी युरोपात ही गाठ म्हणजे हाडाचा कर्करोगच समजत. 1877 साली जर्मनीतल्या म्युनिकमध्ये ओटो बोलिंगर यांनी गाठीतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात गंधकासारखे पिवळे बारीक कण होते. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल हार्झ यांना त्या कणांत सूर्याच्या किरणांसारखे तंतू दिसले. त्यांना ती बुरशी वाटली, म्हणून नाव ठेवलं ‘ॲक्टिनोमायसीस’, म्हणजे किरणांची बुरशी. पुढच्याच वर्षी बर्लिनचे शल्यचिकित्सक जेम्स इस्राएल यांनी माणसांच्या पुवातले तसेच कण जगापुढे मांडले.

मग प्रश्न आला, हे येतं कुठून? गुरं गवत खातात, शेतकरी काडी चघळतो. आळ गवतावर गेला. 1891 मध्ये बोस्ट्रोम नावाच्या संशोधकाने उघड्या हवेत वाढणारा एक जंतू दाखवला, तसाच गवता-धान्यावरही मिळाला, आणि लोकांची खात्रीच पटली. पण त्याच वर्षी मॅक्स वोल्फ आणि इस्राएल यांनी रुग्णाच्या पुवातला जंतू हवा न लागू देता वाढवला. खरा जंतू हाच होता. ज्याला हवा सोसत नाही, तो उघड्यावरच्या गवतावर कसा नांदेल?

उत्तर तोंडातच होतं. 1910 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर फ्रेडरिक लॉर्ड यांना हा आजार नसलेल्या माणसांच्या किडक्या दातांत आणि टॉन्सिलमध्ये असे जंतू सापडले. म्हणजे हा पाहुणा नव्हे, घरातलाच. पुढे तो बुरशी नसून जिवाणू असल्याचंही ठरलं. नाव मात्र बुरशीचंच राहिलं.

घरातला हा जंतू एरवी गप्प असतो. किडलेला दात, हिरडीची जखम, दात काढल्यावरचा खड्डा, अशी वाट मिळाली की तो आत शिरतो. गुरांच्या तोंडात ती वाट कुसळ किंवा राठ चारा करून देतो. गवताचा दोष एवढाच.

सख्यांनो, हे आज सांगायचं कारण आहे. दात ठणकला की आपण मशेरी लावतो, लवंग धरतो आणि कामाला लागतो. घरातल्या सगळ्यांचा दवाखाना होतो, आपला दात मात्र सुगीनंतर बघू म्हणून राहतो. ठणका थांबला तरी कीड आत चालूच असते. जबड्याखाली टणक सूज राहिली, फुटून पुन्हापुन्हा वाहू लागली, तर लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक गाठ याच आजाराची नसते, म्हणून तपासणी हवीच.

पेनिसिलिन आल्यापासून हा आजार बरा होतो. पण औषध कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने घ्यावं लागतं. सूज उतरली म्हणून मध्येच सोडू नका. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा कुणाचं ताट वेगळं करू नका.

आपला दात सुगीपर्यंत थांबत नसतो.