उभा, बसला, पडला

अमेरिकन इंग्रजीत उमेदवार निवडणुकीत धावतो, मराठीत तो उभा राहतो. कुणी समजूत घातली तर बसतो आणि निकाल विरोधात गेला तर पडतो. शहापूर-मुरबाडकडे निवडणुकीचा बहुतेक इतिहास या तीन क्रियापदांत सांगून होतो. आज बोलायचे आहे ते विद्यमान आमदारासमोर उभ्या राहणाऱ्याबद्दल आणि त्याच्या हाती येणाऱ्या चित्राबद्दल.

निवडणूक चिन्ह ही मोठी माणुसकीची कल्पना होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता, ती फक्त चित्र पाहून त्या पेटीत टाकायची. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यासाठी केलेली ही सोय. एकाच मतपत्रिकेवर सगळी नावे आणि शिक्का, ही पद्धत सार्वत्रिक निवडणुकीत आली ती १९६२ साली. आमच्या दादीला उमेदवाराचे नाव कधी सांगता आले नाही. ती 'बैलजोडी' म्हणायची, आणि काँग्रेस दुभंगून बैलजोडी गेली तेव्हा घरातले जनावर विकल्यासारखी हळहळली होती.

तरी त्या काळी चिन्हामागचा माणूस दिसत असे. १९५७ साली ठाण्यातून कम्युनिस्ट शामराव परुळेकर लोकसभेवर निवडून गेले, त्यात संयुक्त महाराष्ट्राची लाट होतीच. पण शामराव आणि गोदावरीबाई वेठबिगारीविरुद्ध जिल्ह्याचे पाडे तुडवत फिरले होते, हेही लोकांना माहीत होते. चित्र नंतर आले, आधी माणूस आला.

अपक्षाचे याच्या उलट. त्याला दहा सूचक लागतात. अनामत रक्कम दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. चिन्ह मिळते ते माघारीची मुदत संपल्यावर. २०२४ च्या विधानसभेला ती मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मतदान होते २० तारखेला. प्रचार अठ्ठेचाळीस तास आधी थांबतो, म्हणजे हाती उरले जेमतेम चौदा दिवस. तेवढ्यात डोळखांबपासून कसाऱ्यापर्यंत विखुरलेल्या पाड्यांवर आपले चित्र पोहोचवायचे. कवी म्हणून माझ्याकडेही निवडणुकीत माणसे येतात, 'सर, दोन ओळींची घोषणा द्या.' मी विचारतो, चिन्ह कोणते? 'ते मिळायचंय अजून, पण यमक जुळवून ठेवा.'

मुरबाडला उभ्या राहणाऱ्याची अडचण निराळी आहे, ती नकाशाची. २००८ च्या पुनर्रचनेपासून या मतदारसंघात बदलापूर शहर आहे. एकीकडे माळशेजच्या पायथ्याची गावे, दुसरीकडे लोकलच्या वेळापत्रकावर जगणारे शहर. किसन कथोरे २००४ साली अंबरनाथमधून निवडून आले होते. पुढे तो मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि ते मुरबाडला आले. २००९ मध्ये घड्याळावर जिंकले, २०१४ पासून कमळावर जिंकत आले. २०१९ चे त्यांचे मताधिक्य १ लाख ३६ हजारांवर होते. २०२४ मध्ये माजी आमदार गोटीराम पवार यांचे चिरंजीव सुभाष पवार समोर उभे राहिले, तरी फरक पन्नास हजारांच्या वरच. तालुक्यातल्या माणसाने तालुका पिंजून काढला, तरी बदलापूर उरतेच.

शहापूर अनुसूचित जमातींसाठी राखीव. तिथे मला उभे राहता येत नाही, आणि त्याबद्दल तक्रारही नाही. मत देण्याइतका मी तिथला आहे, पुरे झाले. भातसा आणि तानसा इथेच, मुंबईची तहान इथून भागते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. म्हणूनच की काय, इथे आमदार टिकत नसे. २००४, २००९, २०१४, २०१९ – चार निवडणुका लागोपाठ आमदार बदलला. मात्र घरे दोनच. महादू बरोरा, मग दौलत दरोडा, मग महादूंचे चिरंजीव पांडुरंग बरोरा, पुन्हा दरोडा.

२०१४ ला बरोरांकडे घड्याळ आणि दरोडांकडे धनुष्यबाण होते. २०१९ ला बरोरा शिवसेनेत गेले, दरोडा राष्ट्रवादीत आले. धनुष्यबाण आणि घड्याळ यांची अदलाबदल झाली आणि घड्याळ पुन्हा जिंकले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला राजभवनातल्या पहाटेच्या शपथविधीनंतर दरोडांचा पत्ता लागेना. शहापूर पोलिसांत ते बेपत्ता असल्याची तक्रार दिली ती त्यांच्याकडून नुकतेच पडलेल्या पांडुरंग बरोरांनी! नाटकात हा प्रवेश लिहिला तर कुणी खरा मानणार नाही. दरोडा पुढे परतले.

२०२४ ला दरोडा अजित पवारांसोबत, घड्याळ त्यांच्याकडेच. बरोरा शरद पवारांकडे परतलेले, त्यांचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. निकाल लागला तोही २३ नोव्हेंबरलाच. बरोरा १,६७२ मतांनी पडले. ट्रम्पेट चिन्हावरच्या अपक्षाला मात्र साडेतीन हजारांहून जास्त मते होती.

असे साताऱ्यात आधी घडले होते. लोकसभेला तिथे पराभवाचा फरक ३२,७७१ आणि ट्रम्पेटला ३७ हजारांवर मते. त्या वेळी आयोगाच्या यादीत ट्रम्पेटचे मराठी नाव चक्क 'तुतारी' छापले होते. तक्रारीनंतर तुतारीवाल्या माणसाचे चित्र ठळक करायला आयोगाने मान्यता दिली, ट्रम्पेट मात्र यादीत राहिले.

शहापूरची ती सगळी मते चुकून पडली असे मी म्हणणार नाही. कोणाच्या मनात काय होते हे यंत्र सांगत नाही. पण 'अडाणी मतदार' हा शेरा ऐकला की मला राग येतो. दादीने बैलजोडी कधी चुकवली नव्हती, कारण शेजारी दुसरी बैलजोडी ठेवलेली नव्हती.

ट्रम्पेटला तुतारी म्हणणाऱ्या त्या अज्ञात अनुवादकाला मात्र एकदा भेटायचे आहे. भांडायला नव्हे. एका चहात आमचे एकमत होईल. आमच्याकडे लग्नाच्या बँडमध्ये ते वाजते, आणि त्याला पिपाणी म्हणतात.