सिंहाच्या पाऊलखुणा

गेल्या पावसाळ्यात जव्हारजवळ दाभोसा धबधब्यापाशी गावातल्या चार-पाच मुलांना मी एक गोष्ट सांगितली. कपाटातून बर्फाळ देशात शिरलेली भावंडं, मिठाईच्या मोहानं फितूर झालेला एक भाऊ, त्याच्याऐवजी मरण पत्करणारा आणि पहाटे पुन्हा जिवंत होणारा सिंह. एक पोरगा म्हणाला, "सिंह कशाला? आपल्याकडं वाघ असतो." बरोबरच होतं त्याचं. वारल्यांचा वाघदेव याच रानातला.

ही गोष्ट सी. एस. लुइस यांची, 1950 सालची. 'नार्निया' मालिकेची सात पुस्तकं 1956 पर्यंत आली. सिंहाचं मरण नि पुनरुत्थान सरळ बायबलमधलं. 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये तर सिंह गाऊन जग निर्माण करतो, पुढं बाग येते, फळ येतं, भुरळ घालणारी चेटकीण येते. मात्र आदम चुकला तिथं हा मुलगा चुकत नाही. आदमची कथा मी आजीच्या मांडीवर ऐकलेली, त्यामुळं ती बाग मला परकी वाटली नाही.

आणि सिंहाचं नाव? अस्लान. हा तुर्की शब्द, अर्थ सिंह. लुइसना तो एडवर्ड लेनच्या 'अरेबियन नाइट्स'मधल्या टिपांत सापडला. म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारा सिंह नाव घेऊन आला ते आमच्या शहरजादच्या दारातून!

मराठीला ही वाट नवी नव्हती. जॉन बन्यन हा भांडी सांधणारा माणूस. परवान्याशिवाय प्रवचनं केली म्हणून सुमारे बारा वर्षं तुरुंगात होता. त्याचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' 1678 सालचं. पाठीवर ओझं घेतलेला यात्रेकरू, निराशा नावाचा राक्षस, वाटेत साखळीनं बांधलेले सिंह. पुस्तक मोठ्यांसाठी, पण मुलांनी ते कधीच पळवलं. हरि केशवजींनी 1841 मध्ये ते 'यात्रिकक्रमण' या नावानं मराठीत आणलं. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला सुरुवात केली ती 1861 मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी.

एक शिक्षक मित्र चिडून म्हणाले, "हा छुपा प्रचारच झाला." लुइसनी हेतू लपवला नव्हता. धर्माविषयी काय वाटायला हवं हे सांगितलं, की वाटणंच थिजतं, असा त्यांचा लहानपणचा अनुभव. ते थिजणं गोष्टीनं टाळता येईल, असं त्यांनी लिहूनच ठेवलं. तरी माझा कौल बन्यनला. त्याची पात्रं नावातच सगळं सांगून मोकळी होतात, वाचणाऱ्याला फसवत नाहीत. लुइस वाचणाऱ्या मुलाला मात्र, पुस्तक मिटल्यावर, हा सिंह कुठून आला ते कुणीतरी सांगायला हवं. मनाई नको, माहिती हवी.

त्या दिवशी परतताना तोच पोरगा धाकट्या बहिणीला गोष्ट सांगत होता. सिंहाचा वाघ झाला होता आणि तो मेलाच नव्हता, रात्रीचा नदी ओलांडून डोंगरात गेला होता.