काचेची साक्ष

छायाचित्रणाचा इतिहास बहुधा व्यक्तिचित्रे, युद्धे आणि दूरदेशीची दृश्ये यांच्या आधारे सांगितला जातो. घरातल्या काचसामानाला त्यात जागा मिळते ती तळटीपेपुरती. आम्हांला मात्र हा धागा मोलाचा वाटतो. कारण साहित्याच्या वर्गात वारंवार उभा राहणारा एक प्रश्न त्यात गुंतलेला आहे : कलाकृती नेमकी कशाची साक्ष देते?

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाचा 'द पेन्सिल ऑफ नेचर' हा ग्रंथ १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत प्रकाशित झाला. त्यातील २४ छायाचित्रांपैकी तिसरे चिनी मातीच्या भांड्यांचे, तर चौथे काचेच्या भांड्यांचे आहे. चिनी भांडी चोरीस गेली तर त्यांचे चित्र न्यायालयात मूक साक्षीदार ठरेल, अशी कल्पना टॅल्बटने मांडली. काचेविषयी लिहिताना मात्र त्याचा सूर बदलतो. पांढरी चिनी भांडी आणि काच एकाच चित्रात नीट साधत नाहीत, असे तो सांगतो; कारण उजळ भांड्यांचा ठसा पूर्ण होतो, तेव्हा काचेचा जेमतेम सुरू झालेला असतो. निरीक्षण तांत्रिक आहे. पण त्यात एक मोठा भेद दडलेला आहे. चिनी भांडे आपले रूप दाखवते. काच दाखवते तो तिच्यातून आरपार गेलेला, वळलेला, परतलेला प्रकाश. एका चित्रात वस्तूची नोंद आहे, दुसऱ्यात प्रकाशाची.

हा भेद १९२०च्या दशकात चेक छायाचित्रकार यारोमिर फुन्के याने जाणीवपूर्वक वापरला. काचेच्या वस्तू मांडून त्याने त्यांच्या सावल्यांनाच चित्राचा विषय केले. त्याचा समकालीन योसेफ सुडेक याने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. १९४० साली, प्राग नाझींच्या ताब्यात असताना, त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीची चित्रमालिका आरंभली. वाफ धरलेली तावदाने, त्यांवरून ओघळणारे थेंब, पलीकडे धूसर झाड. साधा पाण्याचा पेलाही त्याच्या चित्रांत पुनःपुन्हा येतो.

या धूसरतेत पारतंत्र्याचे रूपक शोधण्याचा मोह होतो. परंतु ही मालिका १९४५ साली थांबली नाही. नाझी गेले, १९४८ साली कम्युनिस्ट सत्ता आली, आणि सुडेक १९५४ पर्यंत त्याच खिडकीपाशी काम करीत राहिला. केवळ नाझी अंमलाच्या किल्लीने ही चित्रे उलगडत नाहीत. तसेच, काळाचा त्यांच्याशी संबंधच नाही, असेही म्हणवत नाही. बाहेरचे जग आक्रसले असता माणूस कशाकडे पाहत राहिला, हे त्यांतून कळतेच.

चरित्र आणि काळ हाताशी घेऊन कविता वाचण्याची सवय आम्ही शिक्षकच विद्यार्थ्यांना लावतो. त्या वाचनात कलाकृती टॅल्बटच्या चिनी भांड्यासारखी होते : पुरावा म्हणून हजर करण्याजोगी. काही कलाकृतींना ते मानवतेही. पण काही काचेच्या जातीच्या असतात. त्यांच्यावर काळ पडतो आणि वळून बाहेर येतो. अशा वेळी काळ कोणता, एवढे विचारून भागत नाही. तो कसा वळला, हे पाहावे लागते.