केशरोपणाचें पूर्वचरित्र

नांदेड-लातूरसारख्या शहरांतही आतां टकलावर केस रुजवून देणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. ही विद्या सर्वस्वीं परदेशांतून आली, असा आपला सामान्य समज असतो. परंतु माणसाचीच त्वचा एका ठिकाणाहून हलवून दुसरीकडे जिवंत रुजविण्याच्या कलेचा माग काढूं लागलें म्हणजे वाट पुण्याच्या आसपास येऊन पोंचते.

१७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेंत बैल हांकणारा कावसजी नांवाचा मराठा टिपूच्या कैदेंत सांपडला. त्याचें नाक व एक हात कापून टाकण्यांत आले. वर्षभर तो तसाच राहिला. पुढें पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्यास नवें नाक करून दिलें. मेणाच्या पातळ पत्र्यानें माप घेऊन तें कपाळावर आंखावयाचें. तेवढी त्वचा सोडवावयाची, पण रक्त वाहतें राहावें म्हणून दोन डोळ्यांमध्यें एक चिंचोळा दुवा राखावयाचा. मग ती खालीं वळवून बसवावयाची व वर काताच्या पट्ट्या लावावयाच्या. सुमारें पंचविसाव्या दिवशीं दुवा तोडीत. मुंबईच्या दोन इंग्रज वैद्यांनीं ही क्रिया पाहिली. १७९४ मध्यें लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें वृत्तांत छापला गेला, आणि १८१४ मध्यें कार्प्यू ह्या शल्यवैद्यानें तिकडे त्याच रीतीनें नाक जोडलें.

केसांची पाळी पुष्कळ उशिरां आली. १९३९ मध्यें जपानांत ओकुदा ह्यांनीं व्रणामुळें केस गेलेल्या जागीं केसांसह त्वचेचे बारीक तुकडे बसविले. महायुद्धाच्या धामधुमींत ती वार्ता पश्चिमेकडे पोंचलीच नाहीं. न्यूयॉर्कमध्यें ऑरेंट्राइक ह्यांनीं १९५२ मध्यें टकलावर असाच प्रयोग केला व १९५९ मध्यें त्याचा नियम मांडला. डोक्याच्या मागील बाजूचा केस पुढें नेऊन लावला, तरी तो मूळ जागेचाच स्वभाव राखून वाढतो. मात्र ह्यांत नवा केस एकही उत्पन्न होत नाहीं. मागची शिल्लक पुढें मांडली जाते, इतकेंच.

ओकुदांनीं आपलें काम लिहून ठेविलें होतें, म्हणून मागाहून कां होईना, त्यांचें श्रेय त्यांस मिळालें. कावसजीचेंही नांव आपणांस ठाऊक आहे. नाक देणाऱ्या कारागिराची मात्र वृत्तांतांत केवळ जातच नोंदलेली आहे. हातांत विद्या आणि लेखणी मात्र परक्याच्या हातीं, ह्या एका उणिवेनें आपलें किती धन बेवारशी गेलें असेल!