७५,८४८ स्फटिकांचे दप्तर

आजच्या धाग्यात लढाई नाही, राजा नाही. आहे ती एक परीक्षा, आणि परीक्षार्थी आहेत स्फटिक.

सन १९०९, मँचेस्टर. रदरफोर्ड यांचे सहकारी गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण आदळला की क्षणभर चमक उमटे, तेच स्फुरण. अणूच्या केंद्रकाचा शोध या मोजणीतून लागला. पण मोजणारा डोळा थकतो, चुकतो. मग त्याची परीक्षा कोणी घ्यावी?

शतकाअखेरीस यंत्रांनी डोळ्याची जागा घेतली होती आणि प्रश्न स्फुरणाऱ्या पदार्थावरच येऊन ठेपला. सर्नच्या सीएमएस प्रयोगात इलेक्ट्रॉन व फोटॉन यांची ऊर्जा मोजण्यासाठी लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक लागणार होते. पोलादापेक्षा जड, तरीही काचेसारखा पारदर्शक असा हा पदार्थ. बहुतेक स्फटिक रशियातील बोगोरोदित्स्क येथे घडले, उरलेले शांघायमध्ये.

अडचण किरणोत्साराची होती. त्याच्या माऱ्याने स्फटिकाचे स्फुरण मंदावत नाही. स्फटिक काळवंडतो आणि आत उमटलेला प्रकाश आतच अडतो. मोजणाराच आंधळा होऊ लागला तर मोजमापावर विश्वास कसा ठेवायचा? नायोबियम आणि यिट्रियम अत्यल्प प्रमाणात मिसळून हा दोष बराच आटोक्यात आणला गेला. तो पूर्णपणे गेला मात्र नाही.

म्हणून तपासणी कठोर होती. जिनिव्हाजवळ सर्नमध्ये आणि रोमजवळ कासाचिया येथे स्वयंचलित यंत्रे स्फटिकांची मापे, पारदर्शकता आणि प्रकाश मोजत. प्रत्येक स्फटिकावर बारकोड असे आणि त्याची जन्मापासूनची नोंद संगणकात होई. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हेवा वाटावा असे हे दप्तर! (सीएमएसच्याच हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या बाह्य थरातील प्लास्टिकच्या स्फुरक फरशा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने व चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाने घडवल्या. त्यावर स्वतंत्र धागा लिहीन.)

शेवटचे स्फटिक २००८ मध्ये पोहोचले. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाची घोषणा झाली, तेव्हा सीएमएसच्या पुराव्यात या स्फटिकांनी टिपलेल्या फोटॉनांच्या जोड्या होत्या. परीक्षा तेथेही संपली नाही. यंत्र चालू असताना स्फटिक काळवंडतात, थांबले की काहीसे सावरतात. म्हणून लेझरचा प्रकाश त्यांच्यातून वारंवार सोडून त्यांची पारदर्शकता पुन्हा पुन्हा मोजली जाते.