अंत्यविधीची पूर्वव्यवस्था : तीन चरित्रांपासून घ्यावयाचा बोध

विवाहाची सिद्धता आपल्या घरोघरी वर्ष वर्ष आधी सुरू होते. मुहूर्त, कार्यालय, आचारी, मानपान यांची टिपणे होतात व कोणत्या पाहुण्याकडे कोणी लक्ष द्यावे हेही ठरते. परंतु जो प्रसंग प्रत्येक घरी निश्चित यावयाचा आहे, त्याचा उच्चारही “अभद्र बोलू नये” म्हणून टाळला जातो. परिणाम असा होतो की, घरातील कर्ता पुरुष डोळे मिटतो आणि त्याच घटकेला शोकाने बधिर झालेल्या पत्नीस व मुलांस शेकडो प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. दहन कोठे, अग्नी कोणी द्यावयाचा, दिवस कोणत्या पद्धतीने करावयाचे, तेराव्यास किती पाने मांडावयाची आणि हा सर्व खर्च कोठून करावयाचा ? आजन्म काटकसर करणाऱ्या गृहस्थाच्या तेराव्यासाठी त्याच्या विधवेस दागिना मोडावा लागावा, किंवा सरणाच्या खर्चावरून सख्ख्या भावांत अबोला यावा, असे प्रसंग ज्ञातीत वावरताना आम्हास पाहावे लागले आहेत. म्हणून हा विषय या स्मरणिकेत मांडण्याचे आम्ही योजिले.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, ही पूर्वतयारी आपल्या परंपरेस परकी नाही. धर्मशास्त्रात ‘जीवच्छ्राद्ध’ म्हणून विधी सांगितला आहे. त्यात मनुष्य हयातीतच स्वतःचे श्राद्ध करतो. संन्यास घेणाराही आधी आपले श्राद्ध आपणच उरकतो. काशीयात्रा करून आलेली वडील मंडळी गंगोदकाचा बंद गडू देवघरात जपून ठेवीत, तो कोणत्या समयासाठी हे घरातील लहान मुलासही ठाऊक असे. मृत्यूचे नाव घेण्याची भीती आपल्या पूर्वजांस एवढी नव्हती.

अर्वाचीन महाराष्ट्राच्या इतिहासातही याची ठळक उदाहरणे सापडतात. त्यांतील तीन आम्ही येथे घेतो. या तिन्ही पुरुषांची मते परस्परांहून भिन्न होती. वाचकांनी ती मते स्वीकारावी असा आमचा आग्रह नाही. त्यांच्या पूर्वव्यवस्थेकडे तेवढे पाहावे.

पहिले उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचे. आपला देह दहन न करता मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती व त्यासाठी पुण्यातील राहत्या घरामागे त्यांनी खड्डाही सिद्ध करविला होता. १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र करून दत्तकपुत्र यशवंत यास वारस नेमिले. दि. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. परंतु वस्तीच्या जागेत दफन करण्यास नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही आणि शेवटी दहनच करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावयाचे यावरूनही भाऊबंदांनी वाद उपस्थित केला. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या व त्यांनी टिटवे हाती घेतले. पुढे अस्थी घराच्या आवारातच ठेवण्यात आल्या. तेथे आज समाधी आहे. एवढ्या दूरदृष्टीच्या पुरुषाची इच्छाही परवानगीअभावी अपुरी राहिली, आणि मृत्युपत्र असतानाही ऐन वेळी तंटा उभा राहिला. इच्छा शक्य कोटीतील आहे किंवा नाही याची चौकशी हयातीतच करावी आणि अधिकार कोणाचा हे सर्व आप्तांस आधी सांगून ठेवावे, हा यातील पहिला बोध होय.

दुसरे उदाहरण ‘सुधारक’कर्ते गोपाळ गणेश आगरकर यांचे. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद भूषवूनही त्यांनी द्रव्यसंचय केला नाही. दम्याने जर्जर होऊन दि. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी ते निवर्तले. आपल्या दहनाच्या खर्चापुरती रक्कम पुडीत बांधून त्यांनी आधीच बाजूस ठेविली होती, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ज्या संसारात शिल्लक म्हणून काही नव्हते, तेथेही पत्नीने अखेरच्या खर्चासाठी कोणापुढे हात पसरू नये एवढी तजवीज त्यांनी केली. ही पुडी लहान असेल, परंतु तिच्यातील वात्सल्य मोठे आहे. निरोप घेणाऱ्याने आपल्या निरोपाचा भार मागे ठेवू नये, हा दुसरा बोध.

तिसरे उदाहरण स्वातंत्र्यवीर सावरकरांचे. आपला देह खांद्यावरून न नेता वाहनातून न्यावा, विद्युतदाहिनीत दहन करावा, आपल्या मृत्यूनिमित्त दुकाने व कामकाज बंद ठेवू नये, असे त्यांनी मृत्युपत्रात स्पष्ट लिहून ठेविले होते. दि. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाल्यावर चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीतच दहन झाले. त्या काळी विद्युतदाहिनीविषयी पुष्कळांच्या मनात किंतु होता. पण लेख हाती असल्यामुळे मागे राहिलेल्यांस “लोक काय म्हणतील” याचा विचार करण्याचे कारण उरले नाही. स्पष्ट लेख हा कुटुंबाचे कवच असतो, हा तिसरा बोध.

या तिन्ही बोधांस आजच्या व्यवहाराची जोड दिली पाहिजे. मृत्युपत्र बहुधा दिवसकार्य आटोपल्यावर उघडले जाते. म्हणून अंत्यविधीसंबंधीच्या सूचना निराळ्या कागदावर लिहून त्या कोठे आहेत हे किमान दोघांस सांगावे. दहनासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो व १९६९ च्या कायद्यान्वये मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. याकरिता आवश्यक कागदपत्रे एकत्र ठेवावीत. नेत्रदान वा देहदान करावयाचे असल्यास केवळ मनात संकल्प असून भागत नाही. नेत्रदान काही तासांतच व्हावे लागते, आणि देहदानासाठी वैद्यकीय महाविद्यालयाकडे संमतिपत्र देऊन ठेवणे इष्ट असते. दोहोंतही निरोप पोहोचविणारे घरचेच लोक असतात. त्यांची मने आधी वळविलेली असावीत. खर्चाची रक्कमही अशी ठेवावी की ती त्याच दिवशी हाती येईल. एकट्याच्या नावावरील खात्यातील पैसा त्या घटकेस उपयोगी पडत नाही.

तेराव्याच्या भोजनाविषयी आणखी एक शब्द. मुलास ते आटोपशीर करावेसे वाटले, तरी “बापासाठी एवढेही केले नाही” या बोलास तो भितो. हा बोल त्याच्यावरून दूर करण्याचे सामर्थ्य फक्त बापाच्या हस्ताक्षरात आहे. “माझ्यामागे कर्ज काढून पंगत घालू नये” एवढी एक ओळ त्याने लिहून ठेविली, तर ज्ञातीतील कोणासही बोलण्यास जागा राहणार नाही.

ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती आहे की, ही स्मरणिका हातावेगळी करण्यापूर्वी प्रत्येक वडीलधाऱ्याने एक कोरा कागद घ्यावा. त्यावर विधी, ठिकाण, जबाबदार व्यक्ती व खर्च या चार गोष्टी लिहून खाली सही व तारीख घालावी, आणि तो मुलाबाळांस वाचून दाखवावा. स्त्रियांनीही आपला कागद स्वतंत्र लिहावा; त्यांच्या इच्छेची विचारपूस आजवर फारच थोड्या घरांत झाली आहे. घराची व्यवस्था आयुष्यभर सांभाळणाऱ्याने ही शेवटची व्यवस्थाही आपल्याच हाताने लावावी, यात अभद्र असे काहीच नाही.